झिप द्यावी की इन्स्टॉलर? ॲड-ऑन बनवणाऱ्या पोरांसाठी कानमंत्र

पोरांनो, तुमच्यातल्या कुणी मोबाइलवरच्या बसला एसटीचा लाल रंग चढवलाय, कुणी मिरज–कोल्हापूर रेल्वेमार्ग ओपन रेल्समध्ये उभा करतोय, कुणाला उजळाईवाडीचं विमानतळ फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बसवायचंय. काम तुम्ही जीव ओतून करता. पण झालेलं काम दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं, हे ठरवता शेवटच्या रात्री, डोळे मिटत असताना. घोळ तिथंच होतो. जयसिंगपुरात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवत होतो तेव्हा ‘गेम चालत नाही’ म्हणून आलेली बरीच यंत्रं धडधाकट असायची. कुणीतरी बनवलेला सेटअप ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत चालवलेला असायचा आणि त्यानं नको तिथं हात घातलेला असायचा. आता दुकान बंद केलंय, नृसिंहवाडीत निवांत असतो. तुम्ही विचारायला येता म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी खेळाचं घर बघा

झिप की इन्स्टॉलर याचं उत्तर तुमच्या आवडीवर नाही, खेळाच्या रचनेवर ठरतं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: माझ्या फायली एकाच फोल्डरात बसतात, की खेळभर पसराव्या लागतात?

२०२० सालच्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ‘कम्युनिटी’ नावाचा फोल्डर आहे. त्यात ॲड-ऑनचा फोल्डर टाकला की बसला, काढून टाकला की गेला. एक्स-प्लेनमध्ये हेच काम ‘कस्टम सीनरी’ करतं, आणि खेळ पुढच्या वेळी सुरू झाला की नव्या सीनरीची नोंद आपणहून करून घेतो. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये ‘डॉक्युमेंट्स’खाली ‘मॉड’ फोल्डर असतो. तिथं एससीएस फाइल ठेवायची आणि खेळातल्या मॉड मॅनेजरमधून चालू करायची. गंमत म्हणजे ही एससीएस फाइल आतून साधी झिपसुद्धा असू शकते. अशा खेळांसाठी इन्स्टॉलर बनवणं म्हणजे रिकामा उद्योग. झिप द्या आणि मोकळे व्हा.

जुन्या खेळांची गोष्ट वेगळी. २००१ सालच्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमध्ये एकच मार्ग बसवायचा तरी मार्ग ‘राउट्स’मध्ये, इंजिनं-डबे ‘ट्रेनसेट’मध्ये, गाडीची जुळणी ‘कन्सिस्ट्स’मध्ये आणि रुळांच्या तुकड्यांची सामायिक यादी ‘ग्लोबल’मध्ये, असं चार ठिकाणी जावं लागतं. २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये सीनरी नुसती ठेवून भागत नाही, सीनरीच्या यादीत तिची ओळही लिहावी लागते. इन्स्टॉलरची पद्धत पडली ती अशा खेळांमुळं. त्या काळी तिला कारण होतं. आज प्रत्येक वेळी ते कारण असतंच असं नाही.

पहिली पसंती झिपला

झिप ही पद्धत फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणली आणि ती अजून टिकून आहे, कारण ती काही लपवत नाही. झिप उघडून आत काय-काय आहे, किती मोठं आहे, कुठल्या फोल्डरात आहे, हे एकही फाइल न चालवता बघता येतं. डॉट ईएक्सई सेटअपचं तसं नसतं. तो चालवला की मगच कळतं त्यानं काय केलं, आणि बहुतेकांना तेव्हाही कळत नाही.

दुसरा फायदा आपल्या भागात जास्त जाणवतो. झिपमधल्या प्रत्येक फाइलीसोबत तिच्या तपासणीचा एक आकडा साठवलेला असतो आणि सगळ्या फायलींची यादी झिपच्या शेवटी असते. नेट मध्येच गेलं आणि फाइल अर्धी उतरली, तर ती शेवटची यादीच येत नाही, त्यामुळं झिप नीट उघडतच नाही. म्हणजे अर्धा माल खेळात शिरायच्या आधी दारातच अडतो. सेव्हन-झिपमध्ये ‘टेस्ट’ नावाची सोय आहे. उतरवलेली झिप आधी तिथून तपासायची सवय ठेवा.

झिपच का, रार किंवा सेव्हन-झेड का नाही? ते जास्त घट्ट दाबतात हे खरं. पण झिप विंडोजला एक्सपीपासून आपणहून उघडता येते. बाकीच्यांसाठी कित्येक वर्षं वेगळा प्रोग्रॅम लागायचा आणि जुन्या यंत्रांवर अजूनही लागतो. तुमचं ॲड-ऑन घेणारा पोरगा कुरुंदवाडात वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर बसलेला असेल, हे धरून चला.

झिपच्या आतली मांडणी

झिप वाईट नसते, तिची मांडणी वाईट असते. मी पाहिलेल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथंच होतं.

फोल्डरात फोल्डर ठेवू नका. विंडोजचं ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ झिपच्या नावाचा एक नवा फोल्डर आधीच तयार करतं. आत तुम्ही त्याच नावाचा आणखी एक ठेवला असेल तर घेणारा बाहेरचाच उचलून ‘कस्टम सीनरी’त टाकतो. खेळ एक पायरी वर शोधत बसतो आणि सीनरी दिसतच नाही. बाहेरचा फोल्डर उचलायचा की आतला, हे सोबतच्या चिठ्ठीत, म्हणजे रीडमीत, पहिल्या ओळीत लिहा.

ट्रेन सिम्युलेटरसारख्या खेळासाठी झिपच्या आत खेळाच्याच फोल्डरांची नावं तशीच ठेवा: राउट्स, ट्रेन्स, त्याखाली ट्रेनसेट आणि कन्सिस्ट्स. मग उलगडलेले फोल्डर खेळाच्या मुख्य फोल्डरात हलवले की प्रत्येक फाइल आपापल्या जागी जाते. इन्स्टॉलरचं निम्मं काम इथंच उरकलं.

फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आखूड ठेवा. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. फोल्डरात फोल्डर करत गेलात की ती कधी ओलांडली ते कळत नाही आणि मधल्याच दोन-चार फायली उतरत नाहीत. मराठी नावांचा मोह टाळा. जुन्या झिप प्रोग्रॅमांना देवनागरी नाव धड वाचता येत नाही. ‘हातकणंगले’चं चिन्हांचं कडबोळं होतं आणि मग मार्गाला आपलंच स्टेशन सापडत नाही. मराठी नाव खेळातल्या पाटीवर झळकू द्या, फाइलीच्या नावात नको.

आणि आकार बघा. एफएटी-३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. मोठी सीनरी असेल तर भाग पाडा आणि कुठला भाग आधी बसवायचा ते नावातच क्रमांकानं सांगा.

दुसऱ्याच्या फाइलीवर फाइल टाकू नका

हा मंत्र सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाडीला पाणी चढलं की दत्तमंदिरातल्या पादुका जागच्या जागी राहतात आणि उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. काय हलवायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. खेळाच्या मूळ फायलींबाबत तेवढंच भान ठेवा.

ट्रेन सिम्युलेटरच्या ‘ग्लोबल’ फोल्डरात टीसेक्शन नावाची फाइल असते. रुळाचा प्रत्येक सरळ तुकडा, वळण, सांधा यांची ती यादी, आणि सगळे मार्ग तीच एक यादी वापरतात. छंदी मंडळींनी ती वाढवत नेली, तिच्या क्रमांकवार आवृत्त्या काढल्या. नव्या आवृत्तीत जुनं सगळं राहील अशी काळजी घेतली. आता एखाद्यानं आपल्या मार्गाच्या इन्स्टॉलरमध्ये त्याच्या यंत्रावरची जुनी यादी भरली आणि ती न विचारता नव्या यादीवर टाकली, तर त्याचा मार्ग चालतो आणि बाकीचे मार्ग रुसतात. घेणाऱ्याला वाटतं, खेळच बिघडला. सगळं पुन्हा बसवण्यात त्याचा रविवार जातो.

म्हणून नियम असा: सामायिक फाइल तुमच्या पुड्यात भरायचीच नाही. कुठली आवृत्ती लागते तेवढं लिहा. बदलणं अगदी गरजेचं असेल तर मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवून मगच बदला, आणि ती प्रत कुठं ठेवली तेही सांगा.

मालकी सांभाळा

डबे एकाचे, आवाज दुसऱ्याचे, झाडं-घरं तिसऱ्याची. तुमचं ॲड-ऑन असंच तयार होतं. त्यात गैर काही नाही. पण फुकट मिळालेली फाइल आणि वाटायची परवानगी मिळालेली फाइल यांत फरक आहे. ज्याची वस्तू त्याला विचारा. त्यानं नाही म्हटलं तर ती कुठं मिळते एवढंच लिहा.

या अडचणीवर ट्रेन सिम्युलेटरच्या लोकांनी फार शहाणी तोड काढली होती. नव्या मार्गाला मायक्रोसॉफ्टच्या मूळ सहा मार्गांतल्या बऱ्याच वस्तू लागायच्या, आणि त्या वाटायचा हक्क कुणालाच नव्हता. मग झिपमध्ये फक्त स्वतःचं काम द्यायचे आणि सोबत ‘इन्स्टॉल-मी’ नावाची छोटी बॅच फाइल. ती चालवली की घेणाऱ्याच्याच यंत्रावरच्या मूळ मार्गांतून लागतील त्या फायलींच्या प्रती नव्या मार्गात यायच्या. वाटलं काहीच जायचं नाही, आणि काम पुरं व्हायचं. शिवाय बॅच फाइल नोटपॅडमध्ये उघडून ती कुठून काय उचलते हे ओळ-ओळ वाचता यायचं. झिप आणि इन्स्टॉलर यांच्या मधली ही वाट मला आजही सगळ्यांत पटते.

इन्स्टॉलर कधी करावा

फायली खूप ठिकाणी जात असतील, यादीत ओळी घालाव्या लागत असतील आणि घेणाऱ्यांत संगणकाची भीती असणारे बरेच असतील, तर इन्स्टॉलर करा. माझी ना नाही. फ्लाइट सिम्युलेटर एक्सच्या सीनरी यादीत हातानं ओळ लिहिताना दोन ठिकाणी एकच क्रमांक पडला की खेळ सुरू होतानाच कुरकुर करतो. तिथं चांगला इन्स्टॉलर माणसापेक्षा कमी चुकतो. इनो सेटअप आणि एनएसआयएस ही दोन्ही साधनं फुकट आहेत आणि बरीच वर्षं वापरात मुरलेली आहेत.

पण करायचा तर तो असा असावा:

खेळ कुठं आहे ते त्यानं विचारावं. ट्रेन सिम्युलेटरचे जुने इन्स्टॉलर विंडोजच्या रजिस्ट्रीत मूळ खेळाची नोंद शोधतात. आज बरेच जण मूळ खेळ न बसवता फुकटचं ओपन रेल्स वापरतात आणि वेगवेगळे मार्ग वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवतात. त्यांच्या यंत्रावर ती नोंदच नसते. इन्स्टॉलर ‘खेळ सापडला नाही’ म्हणून हात वर करतो. त्याच मार्गाची झिप असती तर दोन मिनिटांत गाडी सुटली असती.

गरज नसेल तर त्यानं प्रशासकाचा अधिकार मागू नये. विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला तो अधिकार लागतो. तो नसताना काही जुने प्रोग्रॅम तिथं लिहू गेले की विंडोज त्या फायली गुपचूप वापरकर्त्याच्या दुसऱ्याच एका फोल्डरात वळवतं. इन्स्टॉलर म्हणतो झालं, आणि फोल्डर उघडावा तर फाइल नाही! यावर सोपा उपाय: खेळच ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर, डी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात बसवा. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगायचो.

काढताना त्यानं स्वतःचंच काढावं. ॲड-ऑन अनइन्स्टॉल केलं आणि सोबत दुसऱ्या मार्गाला लागणारा डबाही गेला, असं होता कामा नये. बसवलेल्या फायलींची यादी एका साध्या मजकूर फाइलीत मागं ठेवा.

आणि एवढं सगळं करूनही त्याच मालाची साधी झिप शेजारी ठेवा. ज्याला जे झेपेल ते त्यानं घ्यावं.

इन्स्टॉलर हा विश्वासाचा व्यवहार आहे

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लाइट सिम लॅब्स या कंपनीच्या ए-३२० विमानाच्या इन्स्टॉलरमध्ये एक जादा फाइल सापडली. ती क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून घेऊ शकत होती. चोरीचा सिरियल क्रमांक वापरणाऱ्यांनाच पकडण्यासाठी ती होती, असं कंपनीनं सांगितलं. पण ती फाइल पैसे मोजून विमान घेणाऱ्या प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या यंत्रावरही उतरत होती. मोठा गदारोळ झाला, कंपनीला माफी मागावी लागली आणि ती फाइल नसलेला इन्स्टॉलर द्यावा लागला.

यातून धडा असा, की सेटअपवर डबल क्लिक करणारा माणूस आपल्या यंत्राच्या किल्ल्या तुमच्या हातात देतो. त्याला ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं कधीही सांगू नका. विंडोज अनोळखी सेटअपला निळ्या पडद्यावर अडवतं, कारण त्यावर कुणाची डिजिटल सही नसते आणि ती सही विकत घ्यावी लागते. छंदासाठी ती परवडत नाही, हे मान्य. मग सेटअपचा हट्टच कशाला? मार्ग, डबे, सीनरी असल्या नुसत्या फायलींच्या झिपला ती अडचण सहसा येत नाही.

झिपचीही एक खोड सांगून ठेवतो. नेटवरून आलेल्या झिपवर विंडोज खूण करतं आणि ती खूण उलगडलेल्या फायलींवरही उतरते. मग विमानाचे काही गेज अडतात. झिप तुमच्या खात्रीच्या जागेवरून आली असेल तर उलगडण्याआधी तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करायचं. खात्री नसेल तर ती उलगडायचीच नाही.

मोबाइलवाल्यांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. बस सिम्युलेटर इंडोनेशियाचं मॉड ही खेळानं आत घ्यायची साधी फाइल असते. लालपरीचं मॉड म्हणून कुणी एपीके पाठवली तर ती बसवू नका. रंग बदलायला अख्खं ॲप लागत नाही.

चिठ्ठी लिहिल्याशिवाय पुडा बांधू नका

रीडमी लिहायचा कंटाळा सगळ्यांना असतो, आणि नंतर शंभर जणांच्या त्याच प्रश्नांना उत्तरं देत बसतात. चिठ्ठीत पुढचं असलंच पाहिजे: ॲड-ऑन कशाचं, खेळाच्या कुठल्या आवृत्तीवर तपासलं, कुठं टाकायचं, आणखी काय लागतं, कसं काढायचं, कुणाचं काय वापरलं, आणि आवृत्ती क्रमांक व तारीख.

मार्ग असेल तर काळही लिहा. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग संस्थानच्या काळात, १८९१ साली सुरू झाला. जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे ही स्टेशनं ओळखीची असली तरी मीटरगेजच्या दिवसांतला मार्ग, डिझेलच्या दिवसांतला मार्ग आणि वरती विजेच्या तारा आल्यानंतरचा मार्ग हे वेगवेगळे आहेत. कुठल्या काळाचा आहे ते सांगितलं नाही तर कुणीतरी त्यावर विजेचं इंजिन आणून तुम्हालाच नावं ठेवील.

चिठ्ठी मराठीत जरूर लिहा, फक्त जतन करताना यूटीएफ-८ निवडा. पण ट्रेन सिम्युलेटरच्या इंजिन-डब्यांच्या फायली नोटपॅडमध्ये उघडल्या तर त्या ज्या युनिकोड फॉरमॅटमध्ये होत्या त्याच फॉरमॅटमध्ये परत जतन करा. साध्या फॉरमॅटमध्ये जतन झाली की मूळ खेळ ती फाइल वाचत नाही, आणि चूक कुठं आहे हे शोधताना भलेभले थकतात.

सुधारलेली आवृत्ती काढलीत तर क्रमांक वाढवा आणि पूर्ण झिप द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ असल्या नावांनी घेणाऱ्याचं डोकं फिरतं.

घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

कुठलीही झिप थेट खेळात उलगडू नका. आधी रिकाम्या फोल्डरात उलगडा, चिठ्ठी वाचा, फोल्डरांची नावं जुळतात का बघा, मग हलवा. ‘ही फाइल आधीच आहे, बदलू का?’ असं विंडोज विचारतं तेव्हा घाईनं ‘हो’ म्हणू नका. कुठली फाइल आहे ते वाचा. ओपन रेल्समध्ये एकापेक्षा जास्त फोल्डर जोडता येतात, तेव्हा नवा मार्ग वेगळ्या फोल्डरात चालवून बघा.

मूळ झिप फेकू नका. पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क पावसाळ्यात तळमजल्यावर ठेवू नका. २००५, २०१९, २०२१ ही वर्षं आपल्याला कुणी सांगायला नकोत. महापुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात, दुकानातलं यंत्र चिखलात जातं. सुरू होताना दर वेळी नेटवर परवानगी मागणारा इन्स्टॉलर अशा वेळी निरुपयोगी. जपून ठेवलेली झिप मात्र पाहुण्यांच्या गावी, त्यांच्या संगणकावरही उलगडते.

शेवटची तपासणी

वाटण्याआधी तुमचं ॲड-ऑन मित्राच्या यंत्रावर, जिथं तुमची एकही फाइल नाही तिथं बसवून बघा. तुमच्या यंत्रावर सगळंच चालतं, कारण लागणारी प्रत्येक वस्तू तिथं आधीपासून पडलेली असते. बसवताना तुम्ही तोंड उघडायचं नाही. मित्रानं फक्त चिठ्ठी वाचून बसवायचं. तो अडला तर चिठ्ठी दुरुस्त करा, मित्राला समजावत बसू नका. मग त्याच्याकडूनच ते काढायला लावा आणि बाकीचा खेळ पहिल्यासारखा चालतो का बघा.

माझा निवाडा एवढाच: झिपनं भागत असेल तिथं झिपच द्या. इन्स्टॉलर करावाच लागला तर तो विचारून लिहिणारा, सांगून बदलणारा आणि आपलं तेवढंच उचलून जाणारा असू द्या, आणि त्याच्या शेजारी झिप ठेवाच.